देवाला एकच प्रश्न

शिरोड्याच्या अलीकडच्या त्या गावात रवळनाथाचा कौल घ्यायची जुनी रीत. गुरव देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या लावणार. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. पण माणसांनी देवाला किती छळावं याला काही धरबंध? म्हैस घेऊ का, विहीर कुठे खणू, जावयाकडे आधी जाऊ की व्याह्याकडे, असं विचारत भिकाजीने एका रविवारी दुपार केली आणि परशुराम गुरवाचे पाय भरून आले. त्याने दंडकच घातला: एका घराला एका रविवारी एकच प्रश्न.

तेव्हापासून खरी गर्दी व्हायला लागली ती मथुरेकडे. मथुरा देवळाच्या पायरीशी बकुळीखाली अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, विकायला बसायची. नवरा लवकर गेलेला, पदरी एकुलती एक विमला. तोंडाने फटकळ, पण मनाने सरळ. डोक्याचा भुगा झालेलं माणूस तिच्यापुढे फतकल मारायचं आणि म्हणायचं, यातलं देवाला नेमकं काय विचारू?

ओवता ओवता मथुरा त्याला एकेक काळजी बोलायला लावी. जी आपल्या हातची, तिच्यासाठी देवाला कशाला उठवायचं? घरी जा आणि कामाला लाग. जी शेजाऱ्याची, ती शेजाऱ्याने करावी. लोक काय म्हणतील, ही तर ती काळजीत धरतच नसे. सुकलेल्या फुलासारखी बाजूला टाकी. एवढं करून जे उरेल ते देवाचं. निम्मी माणसं पायरीवरूनच माघारी जात, आणि जाताना त्यांची पावलं हलकी पडत. हिच्यामुळे देवाचे नारळ बुडतात, अशी परशुरामाची कायमची कुरकुर होती.

राधाबाई तिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. सून उलट बोलते, गाय खोकते, शेजाऱ्याचा फणस कुंपणावर झुकलाय. रविवारी मथुरेने डोकं झाडून दिलं नाही तर या बाईला आठवडाभर अन्न गोड लागत नसे.

एकोणसाठ साली विमला सातवी पास झाली आणि मथुरेच्या भावाने, सत्यवानाने, तिच्यासाठी मुंबईत नर्सच्या शिक्षणाची जागा मिळवली. मंगळवारच्या आगबोटीने निघायला हवं होतं, नाहीतर जागा दुसरीला जाणार. आणि मथुरेच्या तोंडून हो निघेना की नाही निघेना. आमटी करपली, दोऱ्याला गाठी पडल्या. विमला हट्ट करत नव्हती, नुसती आईच्या तोंडाकडे बघत होती. मथुरेला सोसत नव्हतं ते हेच.

त्या रविवारी मथुरा स्वतःच कौलाच्या रांगेत उभी राहिली. गावाला आयती गंमत मिळाली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, असं कुणीतरी पुटपुटलंच. राधाबाई मात्र हसली नाही. तिने मथुरेला हाताला धरून बकुळीखाली आणलं, स्वतः मथुरेच्या पाटावर बसली आणि परडी पुढ्यात ओढली.

"सांग गो. एकेक सांग."

मथुरेला आधी रागच आला. हिने मला शिकवावं? पण बोलायला लागली तशी थांबेना. मुंबईत पोरीला बघणार कोण? मामा आहे की. नर्स झाली म्हणून लग्न अडलं तर? ती लोकांची काळजी म्हणत राधाबाईने एक सुकलेलं फूल दूर भिरकावलं. पहाटे फुलं कोण खुडेल? शेजारची सावित्री खुडेल, नाहीतरी रिकामीच असते. असं करत करत मथुरेचं बोलणं संपलं.

"आता काय उरला?" राधाबाईने विचारलं.

मथुरेने परडीतलं एक फूल उचललं, परत ठेवलं. मग म्हणाली, "माका एकटी ऱ्हवाक भय वाटता."

सगळ्या गावाची डोकी झाडणाऱ्या बाईला आपल्या घरातला हा एवढासा कोपरा दिसला नव्हता. भय पोरीसाठी नव्हतंच. डावी पाकळी पडली असती तर आपल्याला बरं वाटलं असतं, आपलं भय देवाच्या नावाने पोरीच्या माथी मारून आपण मोकळ्या झालो असतो, हे तिला उमगलं आणि तिची तिलाच लाज वाटली. एकटं राहायचं की नाही, हे काम तर आपल्या हातचं. ती उठली आणि तडक आत गेली.

परशुरामाने सवयीने पाकळ्या लावूनही टाकल्या होत्या. काय विचारू, म्हणून त्याने हात जोडले.

"इचारू नको," मथुरा म्हणाली. "देवाक फकत सांग. माझा चेडू मंगळवारी मुंबैक जाता, त्याच्यार नदर ठेव म्हणान."

देवाला नुसतं सांगायला आलेलं माणूस परशुरामाने जन्मात पाहिलं नव्हतं. पण त्याने देवापुढे खणखणीत गाऱ्हाणं घातलं, आणि त्याच्या प्रत्येक मागणीला "व्हय म्हाराजा" म्हणताना मथुरेचा आवाज पार बाहेर रांगेच्या टोकाला उभ्या असलेल्या विमलापर्यंत पोचला.

कुठली पाकळी पडली ते बघायला मथुरा थांबली नाही. नवऱ्याची जुनी ट्रंक माळ्यावरून खाली काढायची होती.