नऊ दिवसांची शून्यं

एम.टेक.च्या दुसऱ्या वर्षी मी पंपाचा आजार आधीच ओळखणारं यंत्र बनवायला घेतलं होतं. मोटर किती करंट ओढते, त्यावरून तो कळतो. लवळ्याच्या टेकडीवरच्या आमच्या प्रयोगशाळेला विहीर नव्हती, म्हणून माले गावातल्या एका काकूंचा पंप मागून घेतला. स्टार्टरच्या पेटीजवळ केबलला चिमट्यासारखा सेन्सर अडकवला, आकडे मोबाइलवर यायची सोय केली आणि ऐटीत परतलो.

आकडे आले. सगळे शून्य.

काकूंना फोन लावला. "लाइट गेलीय का?"

"न्हाई की. सकाळपास्नं मोटार चालू हाय. गव्हाला पाणी देतीया."

मी संशय घेतला तो आधी कोडवर, मग सेन्सरवर, मग सिमकार्डावर, आणि एक दिवस चक्क काकूंवरही. बोर्ड दोनदा बदलला. असे नऊ दिवस गेले. सोमवारी समितीपुढे काम दाखवायचं होतं. आकडे नसले तर माझं सत्र वाया जाणार होतं.

शनिवारी पुन्हा मालेत गेलो, तेव्हा गावचे म्हातारे वायरमन फ्यूज बदलायला आले होते. माझ्या चिमट्याकडे ते बराच वेळ बघत राहिले.

"तिन्ही तारा एकदमच धरल्यात व्हय?"

"हो."

"मग काय घावायचं? जेवढा करंट जातोय तेवढाच माघारी येतोय. एकच तार धरा की."

गेल्याच वर्षी, प्रयोगशाळेत खालच्या वर्गाला शिकवताना, याच चुकीसाठी मी एका मुलीचे दोन मार्क कापले होते. वर उपदेशही केला होता.

काकूंनी विचारलं, "किती शिकलाय म्हनं तुमी?"

"अठरावं वर्ष चालू आहे."

"मग व्हईल अजून," त्या म्हणाल्या.

सोमवारी माझ्याकडे दीड दिवसाचे खरे आकडे होते आणि नऊ दिवसांची शून्यं. लाइट नव्हती, असं ठोकून द्यायचं ठरवलं होतं. मुळशीत त्यावर कुणी शंका घेत नाही. पण माझ्या मार्गदर्शक सरांनी नुसतं "इथे काय झालं?" एवढंच विचारलं, आणि वायरमनकाकांचा तो शांत चेहरा आठवून तोंडातून सगळं खरं निघून गेलं.

सर छताकडे बघू लागले. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई मात्र तक्त्यावर वाकल्या.

"म्हणजे तिन्ही तारांची बेरीज शून्य आली. तुमच्या सेन्सरला दिसेल एवढी करंटची गळती असती तर आली नसती. मोटर धड आहे, हे तुम्ही नऊ दिवस मोजलंत. नकळत का होईना. तसं लिहा, आणि उरलेले आकडे महिन्याभरात आणा."

सत्र वाचलं. दुसऱ्याच दिवशी काकूंना सांगायला गेलो. "काकू, तुमच्या मोटारीत करंटची गळती नाही. नऊ दिवस तपासलंय."

"ते मला ठावं हाय. रोज वल्या हातानं बटन दाबतीया मी." त्यांनी चिमट्याकडे बोट केलं. "ह्ये बसवल्यापास्नंच जरा भ्या वाटतंय."