जिंकलेली चित्रं

च्युइंगगमच्या पाकिटात पूर्वी क्रिकेटपटूंची चित्रं मिळायची. ती मी जमवतो आणि ऑनलाइन लिलावात विकतो. लोकांचं बालपण आपण उचलून नेतो, ही टोचणी मला कायम असते. तरी लालबर्र्याच्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे अशी चित्रं आहेत असं कळलं, तेव्हा बालाघाटहून लगेच निघालो.

मशीन चालवता चालवताच त्यांनी बटणांच्या डब्यातून गड्डी काढून दिली. चित्रं दुर्मीळ होती, पण कोपरे पार झिजलेले.

"ताई, ही खराब झालीत. लिलावात भाव येणार नाही."

मशीन थांबली. "खराब काहून? भिंतीवर मारून मारून जिंकले मी. मोहल्ल्यातल्या साऱ्या पोट्ट्यांले रडवलं. तुमचे कसे हायेत?"

मी प्लास्टिकमधलं माझं कोरं चित्र दाखवलं.

"म्हणजे हे कधी खेळलंच नाही," त्या म्हणाल्या. "माहे विकायचे नाहीत, भाऊ. पाहिजे तर जिंकून न्या. भिंतीजवळ ज्याचं पडलं, दोन्ही त्याचे."

मी प्लास्टिक उघडलं. माझं चित्र भिंतीवर आपटून मागे आलं. त्यांचं भिंतीलाच टेकलं.

त्यांनी माझं चित्र उचललं. कोपरा दुमडला होता, त्यावर चुना लागला होता. तो न पुसताच त्यांनी ते गड्डीत खुपसलं.

"आता हे आमच्यातलं झालं," त्या म्हणाल्या आणि मशीन पुन्हा सुरू झाली.

रिकामं प्लास्टिक खिशात घालून मी परत निघालो. त्या दिवशी टोचणी नव्हती.