गांधीलमाशीची थैली

सॅकमध्ये सगळं होतं. फक्त ते वाचता येणारा माणूस गवतावर पडला होता.

आज श्रीकांतकाकांना जाऊन वर्ष झालं. वर्षभर मी यावर एक अक्षर लिहिलं नाही. आज लिहिते.

काका माझे नात्याने कुणीच नव्हते. जर्मनीत लुडविग्सहाफेनजवळ त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी भाड्याने राहायला आले, आणि भाडेकरूची पुतणी कधी झाले ते कळलंच नाही.

माणूस केमिकल कंपनीत केमिस्ट. कोथरूडचा, वरणभात-तूप-लिंबूवाला. आणि छंद काय, तर बंदूक.

कॉलेजात एनसीसीत नेम बरा होता, तेवढ्या भांडवलावर काका गावातल्या शूत्सेनफेराइनमध्ये, म्हणजे नेमबाजांच्या क्लबात, जाऊन बसले. सगळ्या क्लबात भारतीय हे एकटे. रविवारी मैदानावर हवेत उडणाऱ्या मातीच्या तबकड्या फोडायच्या आणि घरी येऊन काकूंना सांगायचं की यात कुणाचा जीव जात नाही.

क्लबच्या भिंतीवर नियमाप्रमाणे प्रथमोपचाराची पेटी होती. काकांना ती पसंत नव्हती. म्हणे माणूस पडणार मैदानात आणि पट्टी भिंतीवर, काय उपयोग? म्हणून त्यांनी स्वतःची लाल सॅक केली.

दरवर्षी सीझन सुरू व्हायच्या आधी जेवणाच्या टेबलावर पेपर अंथरून ती रिकामी व्हायची. रक्त थांबवायच्या दाबपट्ट्या, गोचीड काढायचा चिमटा, कात्री, हातमोजे, डोळे धुवायची बाटली, ते चंदेरी कागदासारखं ब्लँकेट. तारीख उलटलेलं बाहेर, नवीन आत.

आणि एक नियम. कुठलीही वस्तू डोळे मिटून, नुसत्या डाव्या हाताने उघडता आली तरच ती सॅकमध्ये जायची.

"लागलेल्या माणसाला दोन्ही हात आहेत असं धरायचं नाही," असं म्हणून काका घड्याळ लावून बसायचे, आणि मी दातांनी पट्टीचं पाकीट फाडत बसायचे.

काकूंनी जुन्या कॉटनच्या साड्यांच्या थैल्या शिवल्या.

लेबलं मी लिहिली. मराठीत.

रक्त. डोळा. भाजलं. गोचीड. गांधीलमाशी.

गंमत म्हणून हो. देशाबाहेरचं पहिलंच वर्ष होतं, दिवसभर जर्मन ऐकून कान किटलेले असायचे. काका इतके खूश झाले की काकूंना हाक मारून दाखवलं. मी विचारलं होतं, खाली जर्मनमध्येही लिहू का?

"कशाला? मी असतोच की तिथे."

गांधीलमाशीची थैली त्यांची स्वतःची होती. गांधीलमाशी चावली की त्यांचा श्वास अडकायचा. डॉक्टरांनी इंजेक्शनचं पेन दिलं होतं. काका ते जॅकेटच्या खिशात ठेवायचे. मीच म्हटलं, जॅकेट तुम्ही कुठेही काढून टाकता, सॅक मात्र सोडत नाही, पेन सॅकमध्ये ठेवा.

शहाणपणा माझा.

मागच्या सप्टेंबरात क्लबचा कार्यक्रम होता. टेबलावर प्लमचा केक, केकवर गांधीलमाश्या. इथे राहणाऱ्यांना हे दृश्य सांगायला नको.

मी नोकरीमुळे फ्रँकफर्टला होते. पुढचं युर्गनने सांगितलं. युर्गन म्हणजे काकांचा शेजारी आणि मैदानावरचा जोडीदार. बोलण्यात महाकंजूस माणूस, पण त्या दिवशीचं त्याने सगळं सांगितलं.

माशी मानेला चावली. काकांनी सॅककडे बोट दाखवलं, स्वतःच उघडायला वाकले आणि तिथेच कोसळले. युर्गनने सॅक उघडली. बारा थैल्या. बाराही सारख्या. बाराहींवर न कळणारी अक्षरं.

तो एकेक थैली गवतावर रिकामी करत गेला.

पेन अकराव्या थैलीत होतं.

त्याने ते टोचलं. हेलिकॉप्टर आलं. संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये काका गेले.

मी डॉक्टरांना विचारलं, दोन मिनिटं आधी मिळालं असतं तर? सांगता येत नाही, म्हणाले. वर्षभर ते उत्तर घेऊन झोपते आहे. झोप येतेच असं नाही.

तेराव्यानंतर काकूंना सांगून टाकलं, चूक माझी आहे. त्या मेथी निवडत होत्या. हात थांबला नाही.

"थैल्या मी शिवल्या, अक्षरं तू काढलीस, जर्मन नको म्हणाले ते. सगळं एकटीच्या अंगावर घेऊ नकोस गं. थोडं मलाही राहू दे."

त्या दिवशी आम्ही दोघी रडलो. मेथी तशीच राहिली.

यंदा सीझनच्या आधी युर्गनचा फोन आला. सॅक त्याच्याकडेच होती. ती भरायची आहे आणि मी यावं, एवढंच म्हणाला.

तेच टेबल, तसेच पेपर. मी जर्मनमध्ये लेबलं छापून नेली होती आणि जुनी उसवायला कात्रीही. युर्गनने कात्री माझ्या हातातून काढून घेतली आणि खिशातून घडी केलेला चौकटीचा कागद काढला.

कागदभर एकच शब्द. गांधीलमाशी. ओळीखाली ओळ, पहिलीतल्या पोराच्या गृहपाठासारखा. वर वेलांटी चुकलेली, खाली खाली सुधारत गेलेली. थैलीवर बघून उतरवला होता, हिवाळाभर.

"हा मला आता वाचता येतो," तो म्हणाला.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. नळ सोडून उभी राहिले.

मराठी काढू दिलं नाही त्याने. प्रत्येक थैलीवर खाली मोठ्या अक्षरांत जर्मन शिवलं, पलीकडे चित्र. माशीचं चित्र काकूंनी काढलं, ते झुरळासारखं आलं आहे, पण चालतंय. मग युर्गनने डोळे मिटले, उजवा हात पाठीमागे घेतला, आणि काकूंनी काकांचं घड्याळ लावलं.

मित्रांनो, घरात कुणाचं असं औषध असेल तर ते शेजाऱ्यालाही सापडेल असं ठेवा. त्याला वाचता येईल असं लिहा. आजच लिहा.

काका, सॅक भरली आहे. आता ती कुणालाही वाचता येते.

तुम्ही ‘असतोच की’ म्हणाला होतात. मी ते खरं धरलं होतं.

नमस्कार करते, काका.