महागड्या दुकानातला केक

बरो पार्क या ज्यू वस्तीत घराजवळ दोन कोशर दुकानं होती, म्हणजे ज्यू धर्माच्या नियमांत बसणारंच खाणं विकणारी; दोन्हींचे भाव यिटाला तोंडपाठ होते. स्वस्त दुकानातली कोंबडी सहा डॉलरनं कमी पडायची, पण पंखाखाली पिसं राहिलेली असायची. ती चिमट्यानं उपटत यिटा तासभर बसे. महागड्या दुकानात सफरचंदंसुद्धा पुसून मांडलेली. तिथे ती नुसतेच भाव बघून यायची.

पण तिची लेक ब्लूमा लग्नाविना सव्वीस वर्षांची झाली होती आणि दोन वर्षांनी प्रथमच एका मुलाची आई घर बघायला येणार होती. यिटानं महागड्या दुकानातून मधाचा केक आणला.

"छान दिसतोय," पाहुणी म्हणाली. "शिक्का कुणाचा?"

स्वस्त दुकानात यिटा मिठाची पिशवीसुद्धा, ती कोशर असल्याची ग्वाही कुठल्या धर्मगुरूंनी दिलीय तो शिक्का वाचल्याशिवाय उचलत नसे. इथे एवढ्या किमतीपुढे ते सुचलंच नव्हतं. तिनं खोका आणून दिला.

पाहुणीनं शिक्का वाचला आणि बशी हळूच बाजूला सारली. "ह्यांचं आमच्याकडे नाही चालत. पाणी द्या हवं तर."

"एरवी आम्हीही नाही हो खात."

"मग आम्हालाच बरा आणलात?"

दुसऱ्या दिवशी निरोप आला. मुलगी गुणी आहे, पण त्या घरात शिक्का न बघता खातात. एव्हाना हे गल्लीभर झालं असणार.

"पुढच्या वेळी नीट बघून आणीन गं," यिटा म्हणाली.

ब्लूमा बशा पुसत होती. "पुढच्या वेळी कोण येणारेय, आई?"