बेटा, धीरे चलाना

मोटारसायकलींवर मी अख्खं पुस्तक लिहिलंय. वळणावर अंग किती झुकवायचं, चेन कधी आवळायची, जुनी गाडी घेताना काय काय तपासायचं, सगळं आहे त्यात. आईचा टिळा तेवढा राहून गेला. तो इथे लिहितो.

नव्वदच्या दशकात लखनौला निशातगंजमध्ये माझं जुन्या मोटारसायकली विकायचं दुकान होतं. शर्यती असतील तेव्हा शर्यती, एरवी धंदा. बाबा रेल्वेत इंजिनिअर, म्हणून घर मानक नगरच्या क्वार्टरमध्ये. आई साताऱ्याची, आणि इतकी वर्षं लखनौत काढूनही तिचं हिंदी साताऱ्याचंच राहिलं. पण दुकानातली पहिली गाडी विकली गेली तेव्हा तिने टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला आणि गिऱ्हाइकाला बजावलं, "बेटा, धीरे चलाना. घर में कोई राह देखता है." तो गडी इतका खूश झाला की त्याने चार मित्र पाठवले. पुढे तर लोक गाडी बघायच्या आधी विचारायचे, माताजी किस दिन आती हैं? मी बापडा इंजिनाचा आवाज ऐकवतोय आणि यांना टिळ्याची पडलीय.

एका गाडीला मात्र ती बोट लावायची नाही. माझ्या शर्यतीच्या. तिच्यावरून पडून माझं खांद्याचं हाड मोडलं होतं, तेव्हापासून आईने त्या गाडीशी अबोला धरलेला. मी काही फार देवभोळा नव्हे, पण गावभरच्या गाड्यांना टिळा आणि घरच्या गाडीला ठेंगा, हे माझ्या मनाला फार लागायचं. कितीदा मागे लागलो, अगदी लाडीगोडी लावून पाहिली. ती म्हणायची, तुला हळू चालव म्हणून काही उपयोग आहे का? मग देवासमोर खोटं कशाला बोलू? कप्पाळ माझं!

मोसमातल्या शेवटच्या शर्यतीच्या आदल्या दिवशी चौक बाजारातले एक चिकनच्या भरतकामाच्या कपड्यांचे व्यापारी आपली गाडी न्यायला आले. आई त्यांच्या टाकीवर कुंकू रेखत होती. त्यांना कोपऱ्यात चिखलाने माखलेली माझी गाडी दिसली, आणि हिला टिळा कसा नाही, असं त्यांनी विचारलं. ही विकायची नाही, मुलाची शर्यतीची आहे, आई म्हणाली.

"माताजी," ते अगदी अदबीने म्हणाले, "सबसे ज़्यादा फ़िक्र तो आपको इसी की होगी."

आई खाली मान घालून रेखत राहिली. पण त्यांच्या स्वस्तिकाची एक रेघ वाकडी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात पोचलो तर आई पूजेचं ताट घेऊन माझ्याआधी हजर. गाडी तिने स्वतः पुसली होती. स्वस्तिक काढलं, नारळ फोडला आणि सवयीने सुरू झाली, "बेटा, धीरे..." मग थांबली. तिचे डोळे भरून आले होते.

"जा," ती म्हणाली. "जोरात चालव."

मला हेल्मेटचा पट्टा काही केल्या लागेना.

संध्याकाळी परतलो तेव्हा ती दुकानातच होती. दिवसभर घरी गेलीच नव्हती म्हणे. तिने आधी माझे हात-पाय चाचपून पाहिले, खांदा दाबून पाहिला, मग विचारलं, कितवा आलास? तिसरा, मी छाती फुगवून सांगितलं. इतका वर मी कधीच आलो नव्हतो.

तिचा चेहरा पडला.

"तरी तुला सांगितलं होतं, जोरात चालव म्हणून!"

आणि ताट उचलून ती बाहेर थांबलेल्या गिऱ्हाइकाकडे गेली, त्याला गाडी हळू चालवायला सांगायला.