वजनावर लागलेली जोड

सर गेले. बातमी कळली तेव्हा मी वाचत बसलो होतो, आणि पुढे बराच वेळ तेच पान वाचत राहिलो. अशा वेळी माणसाची काहीतरी भारदस्त आठवण यावी. मला आठवला वजनकाटा.

नव्वदच्या दशकात कोल्हापूरच्या आमच्या कॉलेजात, नापास झालेल्यांसाठी रोज सकाळी देखरेखीखाली अभ्यास असायचा. इतक्या लवकर यायला एकही प्राध्यापक तयार होईना, म्हणून ते काम खेळाच्या सरांकडे आलं. सर जुने पैलवान, कान मोडलेले. त्यांना एकच पद्धत ठाऊक होती. दोघादोघांनी समोरासमोर बसून एकमेकांना प्रश्न विचारायचे आणि या जोड्या वजनावर लावायच्या. दर सोमवारी ते सगळ्यांना जिमखान्यातल्या काट्यावर उभं करत. कुणाचा विषय कुठला, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

मी कला शाखेचा, अर्थशास्त्रात नापास झालेला, अंगानं काडी. माझ्या वजनाचा दुसरा एकच होता, शिरोळहून आलेला, वाणिज्य शाखेचा. त्याचं संख्याशास्त्र दोनदा राहिलं होतं. आता राहिलं तर कॉलेज बंद आणि उसाच्या ट्रॅक्टरवर बसायचं, असं त्याच्या वडिलांनी सांगून टाकलं होतं. मी त्याला पुस्तकातून प्रश्न विचारायचो, तो गंभीरपणे उत्तर द्यायचा, आणि ते बरोबर की चूक हे दोघांनाही कळायचं नाही.

संख्याशास्त्र येणारा आमच्यात एकच होता, इंग्रजीत राहिलेला. पण तो चांगला जाडजूड, त्याच्या वजनाचं कुणी नाही म्हणून एकटाच बसणारा.

"मर्दा, मला त्याच्या वजनात जायला पायजे," माझा शिरोळचा मित्र म्हणाला.

तेव्हापासून तो, गवळी जिथं म्हशी उभ्या करून गिऱ्हाइकासमोर धार काढतात त्या कट्ट्यावर जाऊन धारोष्ण दूध पिऊ लागला. वर मिसळ, वर केळी. एका सोमवारी तर काट्यावर चढताना त्याच्या पोटातलं पाणी डुचमळलेलं सगळ्यांना ऐकू आलं. सरांनी आधी काटा पाहिला, मग त्याचा दंड चाचपला.

"ह्ये वाढलेलं न्हाय, ह्ये भरलेलं हाय. कशापायी?"

मित्रानं सगळं सांगितलं, ट्रॅक्टरसकट. आम्हाला वाटलं, आता सर जोड बदलतील. पण कमीजास्त वजनाची जोड लावणं त्यांच्या हातून होणारं नव्हतं. कुणाची तरी बरगडी जाईल, ही धास्ती त्यांना अभ्यासातही होती. बराच विचार करून ते त्या जाडजूड मुलाकडे वळले.

"तू जरा उतर की. ह्यो चढतोय."

तो बिचारा रोज मैदानाला फेऱ्या घालू लागला, मित्र दूध पीत राहिला. परीक्षेच्या थोडं आधी काट्यावर दोघांची गाठ पडली आणि संख्याशास्त्र सुरू झालं.

मी मात्र एकटा उरलो. तर सर स्वतःच माझ्यासमोर मांडी घालून बसले. मी त्यांच्या आकाराकडे बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं.

"माझं वजन कुणी केलंय?" म्हणाले, आणि अर्थशास्त्राचं पुस्तक उलटं धरून मला प्रश्न विचारायला लागले. प्रश्न एकच असायचा, "म्होरं?" मी सांगत जायचो. पास झालो.

मित्रही पास झाला. त्याचे वडील उसाची मोळी घेऊन सरांना भेटायला आले. सगळं श्रेय त्यांनी दुधाला दिलं, आणि सरांनीही मान डोलावली.

परवा शोकसभेला मित्र आला होता. आता तो एका खुर्चीत मावत नाही. मी अजून काडीच. भाषणं चालू असताना तो माझ्या कानाशी वाकला.

"आता आपली जोड लावली नसती सरांनी."

मी सरकलो, आणि माझी अर्धी खुर्ची त्याला दिली.