दरडीखालची माती

पिकलेल्या सीताफळाचा वास आला की गंगाखेडकडचा आमचा डोंगर आठवतो. त्या वर्षी पावसाळा सरता सरता दरड कोसळली आणि उतारावरची सीताफळं मातीसकट खाली आली. झाडांची मुळं आभाळाकडे झाली होती, फांद्यांना फळं मात्र तशीच लटकत होती. वर काळा खडक उघडा पडला होता आणि पायथ्याला ओल्या मातीचा मोठा ढीग साचला होता. मी आणि आत्या त्या आडव्या झाडांची फळं तोडत होतो, तेवढ्यात गावातला एक बागायतदार ट्रॅक्टर घेऊन आला. "मावशी, सरका जरा. उसात टाकायला माती न्यायलोय. हितं पडून काय कामाची?" आत्या सरकली नाही, उलट ढिगावर ऐसपैस बसली. "डोंगराची माती हाय ही. खाली आली म्हनून तुजी झाली व्हय? वरी खडकावर आता काई धरत नसतंय. जे उगवायचं ते हितंच उगवंल." तिनं एक पिकलं फळ फोडलं, गर खाल्ला आणि बिया त्याच्यासमोर मातीत थुंकल्या. मग मला म्हणाली, "बघत काय बसलीस? तू बी खा." तो ट्रॅक्टर रिकामा घेऊन जाईपर्यंत आम्ही खात आणि थुंकत राहिलो. परवा गावी गेले होते. वरचा खडक अजून बोडकाच आहे. खाली मात्र सीताफळांची अशी गच्च झाडी माजली आहे की त्याच्या ट्रॅक्टरला वळसा घालून जावं लागतं.